शार्कशी ‘सामना’ होतो की ‘गाठ पडते’?

बीडहून एका वाचकांचा प्रश्न आलाय. त्यांचा भाचा लक्षद्वीपला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून आला. त्याचा अनुभव शाळेच्या वार्षिक अंकासाठी लिहून देताना त्यांनी मथळा दिला, ‘खुल्या पाण्यात पाणबुड्यांचा शार्कशी सामना’. भाचा नाराज. म्हणाला, “मामा, सामना कसला? एक वाळूत पडून होता, दुसऱ्यानं लांबून एक चक्कर मारली आन् गेला निघून.” मामांचं म्हणणं, इंग्रजीत याला ‘एन्काउंटर’च म्हणतात, मग मराठीत ‘सामना’ का नको?

माझं मत भाच्याच्या बाजूनं. पण मामा चुकले ते का, हे पाहण्यासारखं आहे.

हिंदी-उर्दूत ‘सामना’ म्हणजे आधी समोरासमोर येणं. वाटेत ओळखीचा माणूस भेटला तरी ‘आमना-सामना’ होतो. मराठीत मात्र या शब्दाला झुंजीचा वास लागला: क्रिकेटचा सामना, दुष्काळाशी सामना, संकटाचा सामना. दोन बाजू, आणि एकीनं हरायचं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कानाला ‘सामना’ तेवढा तिखट लागत नसेल, हा माझा अंदाज. पण तोच मथळा पुण्या-नाशिकचा वाचक वाचेल तेव्हा त्याला रक्त दिसेल. आणि पोलिसांच्या बातम्यांमुळे ‘एन्काउंटर’चा आपल्याकडे जो अर्थ झालाय, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

मग काय लिहावं? शेतात बिबट्या दिसला तर आपण कसं बोलतो ते आठवा. उसातून निघून बांध ओलांडून गेला, तर ‘दिसला’ किंवा ‘आडवा गेला’. पेपरवाला फार तर ‘दर्शन’ म्हणतो. पायवाटेवर दोघंही थबकले, तर ‘गाठ पडली’. झेप घेतली, तरच ‘हल्ला’. जनावरानं काय केलं त्यावर क्रियापद ठरतं. शार्क पाण्यात राहतो म्हणून त्याला वेगळा न्याय लावायचं कारण नाही.

गंमत म्हणजे संशोधकांनाही हेच सांगावं लागलं. क्रिस्टोफर नेफ आणि रॉबर्ट ह्यूटर या दोघांनी २०१३ साली एका लेखात सुचवलं, की सरसकट ‘शार्कचा हल्ला’ म्हणणं थांबवा आणि चार पायऱ्या करा. नुसतं दिसणं, अंगाला किंवा लाटांवर खेळायच्या फळीला धक्का लागला पण इजा नाही, चावा, आणि जिवावर बेतलेला चावा. दुसऱ्या पायरीला त्यांनी ‘एन्काउंटर’ म्हटलंय. म्हणजे त्यांच्या हिशेबानं भाच्याचा अनुभव पहिल्याच पायरीवर राहतो. मराठीत या पायऱ्यांना शब्द तयार आहेत: दिसणं, ढुशी, चावा, बळी. ‘ढुशी’ला तर तोड नाही. शार्क कधी कधी नाकाडानं धक्का देऊन समोरची वस्तू काय आहे ते चाचपतो, त्याला दुसरा कुठला शब्द शोधायचा?

फक्त ‘गाठ पडणं’ मी धक्क्यापुरतं ठेवणार नाही. अंगाला अंग न लागताही गाठ पडते. आणि हा शब्द दुधारी आहे, हे त्याचं बळ. ‘गाठभेट’ गोड, ‘गाठ माझ्याशी आहे’ यात दम. जनावर काय करील याचा भरवसा नाही, त्या क्षणाला तो नेमका बसतो.

भाच्यानं सांगितलेले दोन शार्क बहुधा प्रवाळातले नेहमीचेच असावेत. पंखाचं टोक पांढरं असलेला व्हाइटटिप रीफ शार्क दिवसा वाळूत किंवा कपारीत पडून राहतो आणि रात्री शिकारीला निघतो. शार्क पोहायचा थांबला की मरतो असं जे सर्रास सांगतात, ते याला लागू नाही. पडल्या पडल्या कल्ल्यांवरून पाणी खेळवत तो श्वास घेतो. त्याला ‘दिसला’ पुरे. दुसरा, चक्कर मारणारा, ग्रे रीफ शार्क असेल तर गोष्ट थोडी वेगळी. याला कोंडीत पकडलं किंवा याच्या पाठी लागलं, तर तो पाठ बाक काढतो, छातीचे पंख खाली रोखतो, नाकाड वर करतो आणि अंग आवळून वेडंवाकडं पोहायला लागतो. मारक्या बैलानं शिंगं रोखून माती उकरावी, तसं. तो बैल अजून अंगावर आलेला नसतो, पण शहाणा माणूस मागे सरतो. पाण्यातही तेच करायचं: नजर त्याच्यावर ठेवून, पाणी न खळबळवता, हळूहळू. इथे ‘दटावलं’ किंवा ‘गुरकावला’ लिहा, चालेल. ‘हल्ला’ अजूनही नाही.

‘हल्ला’ जपून वापरा, कारण तो खरोखर कमी घडतो. फ्लोरिडातल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जगभरच्या घटनांची नोंद ठेवतात. माणसानं छेड काढलेली नसताना शार्क चावल्याच्या २०२३ साली ६९ नोंदी आहेत, २०२४ साली ४७. अख्ख्या जगात. त्यात जास्त करून लाटांवर फळी घेऊन खेळणारे आणि पोहणारे. टाकी लावून खाली उतरणारे थोडेच.

आता मथळ्यातले बाकीचे शब्द. ‘खुल्या पाण्यात’ नको. भाच्यानं ‘ओपन वॉटर’ म्हटलं असेल तर ते बहुधा त्याच्या प्रमाणपत्राचं नाव. त्या पायरीवर १८ मीटरपर्यंत उतरता येतं. तिथलं ‘ओपन’ म्हणजे पोहण्याच्या तलावाबाहेरचं. किनारा दिसेनासा झाला अशी जागा सांगायची असेल तर मराठीत ‘भर समुद्रात’ आहेच.

‘पाणबुड्या’ चांगला शब्द, ठेवा. जायकवाडीवर पक्षी पाहणारा कुणी त्याला बुड्या मारणारं पाखरू समजेल आणि नौदलातला ‘पाणबुडी’ म्हणेल, पण वाक्यात कळतं. मात्र त्याच्या पाठीवर ‘ऑक्सिजनचं नळकांडं’ चढवू नका. टाकीत सहसा दाबून भरलेली साधी हवाच असते.

‘शार्क’ला मराठी शब्द हवाच असेल तर किनाऱ्यावर ‘मुशी’ आहे, मालवणकडे ‘मोरी’. पण हे शब्द बाजारातल्या टोपलीशी आणि कालवणाशी जोडलेले. आणि बीडमध्ये ‘मोरीत गाठ पडली’ लिहिलंत तर लोक न्हाणीघरात डोकावतील. ‘देवमासा’ तर अजिबात नको. तो व्हेल, मासाच नाही.

राहिलं लिंग. ‘तो शार्क’ आणि ‘ती शार्क’ दोन्ही ऐकू येतं. मागे ‘मासा’ गृहीत असतो म्हणून मी ‘तो’ लिहितो. मुशी मात्र ‘ती’. तेव्हा मथळा असा करा: ‘भर समुद्रात पाणबुड्यांची शार्कशी गाठ’. आणि तो समुद्र ‘भर’ होता की किनाऱ्याजवळचा, हे छापण्याआधी भाच्याला विचारून घ्या.