धोका-आकलन विभागाचं प्रमुखपद: काम नेमकं काय असतं आणि तयारी कशाची करायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: साथरोग सर्वेक्षणात बरीच वर्षं काढली, मधल्या फळीत नेतृत्वही केलं, आणि आता आरोग्य सुरक्षा आणि धोका-आकलन विभागाच्या संचालक पातळीच्या पदासाठी अर्ज करावा असं वाटतंय. पण जाहिरातीत ‘सुरक्षा यंत्रणांशी समन्वय’, ‘हेतुपुरस्सर घडवलेले जैविक धोके’ असे शब्द वाचून पाऊल मागे पडतंय, कारण पोलीस, सैन्य किंवा गुप्तवार्ता विभागाशी तुमचा कधी संबंध आलेला नाही. शिवाय या पदावरचा माणूस दिवसभर करतो काय, हेही नीट कळत नाहीये.

अर्ज करा. सुरक्षेची पार्श्वभूमी नसणं ही या पदासाठी मोठी उणीव नाही. मुळात ही दोन क्षेत्रं जन्मापासून एकमेकांत गुंतलेली आहेत. अमेरिकेत १९५१ साली अलेक्झांडर लँगम्यूर यांनी साथरोग तपासनिसांची जी तुकडी उभी केली, तिला पैसा मिळाला तो कोरियन युद्धाच्या काळातल्या जैविक हल्ल्याच्या भीतीमुळे. पण त्या तुकडीने आयुष्य घालवलं पोलिओ, अन्नविषबाधा आणि रुग्णालयातले संसर्ग शोधण्यात. नैसर्गिक साथ पकडायला जी नजर लागते तीच हल्ला पकडायलाही लागते, यावर लँगम्यूर यांची इमारत उभी होती.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्डलोव्हस्क शहरात अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य रोगाने किमान ६६ माणसं दगावली. दूषित मांसामुळे हे घडलं असं सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं. पुढे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन यांच्या पथकाने तिथे जाऊन मृतांच्या नातेवाइकांशी बोलून, कोण कुठे राहत होतं आणि दिवसा कुठे कामाला होतं हे नकाशावर मांडलं. बहुतेक ठिपके लष्करी प्रयोगशाळेपासून निघणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात पडले, आणि तो पट्टा २ एप्रिल १९७९ च्या वाऱ्याच्या दिशेशी जुळला. १९९४ साली ते प्रसिद्ध झालं. घरोघर जाऊन केलेली चौकशी आणि रुग्णांचा नकाशा, म्हणजे तुम्ही रोज करता तेच काम, या प्रकरणात निर्णायक ठरलं.

मग वरच्या पदावर वेगळं काय असतं? मधल्या फळीत तुम्हाला विचारतात, ‘काय घडतंय?’ वर गेल्यावर विचारतात, ‘याचा अर्थ काय, तुमची खात्री किती, आणि आम्ही कधीपर्यंत ठरवायला हवं?’ पहिल्या प्रश्नाला माहिती पुरते. दुसऱ्याला तुमचा स्वतःचा अंदाज द्यावा लागतो, तोही माहिती अपुरी असताना, आणि त्याखाली सही करून. माझ्या मते या पदाचं सगळ्यात महत्त्वाचं काम एकच आहे: खालून आलेलं आकलन निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचताना बदलू न देणं. प्रत्येक टप्प्यावर ते बदलतं. कुणी भीतीपोटी वाढवतं, कुणी साहेब नाराज होतील म्हणून सौम्य करतं, कुणी ‘कदाचित’ हा शब्द वाक्य लांबतं म्हणून खोडतं. तुमचं लक्ष या गळतीवर हवं.

यासाठी १९७६ चं प्रकरण नीट समजून घ्या, मुलाखतीलाही उपयोगी पडेल. त्या वर्षाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीत एक तरुण सैनिक फ्लूने दगावला. विषाणू डुकरांमधल्या फ्लूचा निघाला आणि सगळ्यांना १९१८ ची फ्लूची महासाथ आठवली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, संचालक डेव्हिड सेन्सर यांनी संपूर्ण देशाला लस देण्याची शिफारस केली आणि २४ मार्चला अध्यक्ष फोर्ड यांनी ती जाहीर केली. ऑक्टोबरपासून चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली गेली. साथ आलीच नाही. तो विषाणू छावणीबाहेर पसरला नाही. लस घेतलेल्यांमध्ये गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढल्याचं दिसलं आणि १६ डिसेंबरला मोहीम थांबली. सेन्सर यांचं पद पुढच्याच वर्षी गेलं.

सेन्सर यांना घाबरट ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. साथ आली असती आणि लस नसती, तर त्यांना कुणीच माफ केलं नसतं. चूक घडली ती मांडणीत. लस तयार करून साठवणं आणि ती लोकांना टोचणं हे दोन वेगळे निर्णय होते. ते एकाच शिफारशीत बांधले गेले. मधे थांबून पुन्हा विचार करायची जागाच ठेवली नाही. ‘ऑगस्टपर्यंत दुसरीकडे कुठेच रुग्ण सापडला नाही तर काय?’ या प्रश्नाचं उत्तर मार्चमध्येच कागदावर असायला हवं होतं. म्हणून प्रत्येक आकलनाखाली मी तीन ओळींचा आग्रह धरतो: आज आम्हाला काय वाटतं, कोणती गोष्ट दिसली तर आमचं मत बदलेल, आणि पुन्हा कधी तपासणार. ज्या आकलनाखाली तिसरी ओळ नाही ते मी परत पाठवतो.

शक्यतेची भाषा हा दुसरा मोठा विषय, आणि हे शिकायला गुप्तवार्तावाल्यांकडे जरूर जा. सीआयए या अमेरिकी गुप्तवार्ता संस्थेतले विश्लेषक शर्मन केंट यांची एक हकिकत त्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असते. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असा अहवाल त्यांच्या गटाने दिला. नंतर त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं की या शब्दांमागे तुमच्या मनात किती टक्के होते. उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली. एकाच अहवालावर सह्या केलेल्या माणसांची ही गत असेल, तर तो वाचणाऱ्या मंत्र्याचं काय होत असेल? आरोग्य क्षेत्रात आपण अजूनही ‘धोका मध्यम’ असं लिहून मोकळे होतो. विभागात एक ठरलेली पट्टी ठेवा, कोणता शब्द म्हणजे किती टक्के, आणि ती प्रत्येक अहवालावर छापा. त्याचबरोबर शक्यता आणि खात्री वेगळ्या लिहा. ‘शक्यता कमी, पण आमची माहितीच तुटपुंजी’ आणि ‘शक्यता कमी, आणि माहिती भक्कम’ यांतून वेगवेगळे निर्णय निघतात. पहिल्या ठिकाणी तुम्ही पथक पाठवता, दुसऱ्या ठिकाणी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, म्हणजे २००५ ची आणि जून २००७ पासून लागू झालेली, तुम्हाला माहीत असणारच. पण वरच्या पदासाठी तिचं दुसरं परिशिष्ट पुन्हा वाचा. घटना गंभीर आहे का, अनपेक्षित आहे का, सीमेपार पसरेल का, आणि तिच्यामुळे प्रवास-व्यापारावर बंधनं येतील का, असे चार प्रश्न. यांतल्या कुठल्याही दोहोंना ‘हो’ आलं की आकलन झाल्यापासून चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं. यात विशेष गोष्ट अशी की विषाणू कोणता हे कळलेलं असण्याची अट नाही. आणि चौथा प्रश्न लिहिणाऱ्यांना पूर्ण कल्पना होती की देश नेमके याच कारणाने गप्प बसतात. संचालकाला अर्थ खात्याचा, पर्यटन खात्याचा फोन येतो तो या चोवीस तासांत. त्या वेळी तुमच्यामागे कोण उभं राहणार, हे पद स्वीकारण्याआधी माहीत असलेलं बरं.

सल्ला आणि निर्णय यांतलं अंतर बघायचं असेल तर २०२२ चं मंकीपॉक्स पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीचं एकमत झालं नाही, तरीही २३ जुलैला महासंचालक टेड्रॉस यांनी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. नियमावलीनुसार अधिकार त्यांचाच. समिती फक्त सल्ला देते. हा निर्णय तुम्हाला पटो न पटो, त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: समितीतलं मतभेदाचं चित्र लपवलं गेलं नाही. मतं विभागलेली होती आणि तरी मी असं का ठरवलं, हे जाहीरपणे सांगितलं गेलं. आकलन करणारे आणि ठरवणारे वेगळे असले की दोघांनाही प्रामाणिक राहता येतं. मोठ्या साथीत एकच माणूस दोन्ही करू लागला की तो नकळत आपल्या निर्णयाला शोभेल असं आकलन लिहायला लागतो. म्हणून तुमच्या विभागातला आकलन-गट आणि प्रतिसाद-गट यांचे प्रमुख वेगळे ठेवा, माणसं कमी असली तरी.

आता सुरक्षा यंत्रणांशी समन्वयाबद्दल. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात द डॅल्स नावाच्या गावात ७५१ लोकांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची बाधा झाली. रजनीशांच्या तिथल्या कम्यूनमधल्या काही जणांनी हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये जिवाणू मिसळले होते. स्थानिक निवडणुकीच्या दिवशी मतदार घरी बसावेत यासाठीची ती चाचणी होती. आरोग्य यंत्रणेचा निष्कर्ष मात्र अन्न हाताळणाऱ्यांच्या अस्वच्छतेकडे बोट दाखवणारा होता. खरं बाहेर यायला सुमारे वर्ष गेलं, तेही कम्यूनमध्ये आतून फूट पडल्यावर. तपासणाऱ्यांनी काम वाईट केलं होतं असं नाही. अनेक हॉटेलांत एकाच वेळी, कुठलाही समान पुरवठादार नसताना बाधा झाली हे त्यांनी शोधलं होतं. पण ‘कुणीतरी मुद्दाम केलं असेल का’ हा प्रश्न विचारायला आणि गावातला ताण माहीत असलेल्या पोलिसांसमोर ती यादी ठेवायला ठरलेली जागा नव्हती.

२००१ मध्ये अमेरिकेत टपालाने आलेल्या अँथ्रॅक्स पाकिटांच्या वेळी (२२ रुग्ण, ५ मृत्यू) ही जागा घाईघाईत तयार करावी लागली. डॉक्टर आणि तपास अधिकारी यांनी रुग्णाशी एकत्र बोलायची पद्धत तिथून पुढे रुजली, कारण दोघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात आणि आजारी माणसाला तेच चारदा विचारणं योग्य नाही. नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याची साखळीनोंद, कोणती माहिती कुणाला द्यायची, रुग्णाची ओळख कुठे थांबायची, हे सगळं शांततेच्या काळात लिहून ठेवायचं असतं. समन्वय म्हणजे एवढंच, पण ते चिकाटीचं काम आहे. आणि इथे तुमचं वजन दुसऱ्या पारड्यात टाकायचं असतं हेही विसरू नका. प्रत्येक साथीकडे संशयाने पाहिलं, गणवेशातली माणसं वस्तीत शिरली, की रुग्ण लपतात. तो तोटा तुमच्याशिवाय त्या बैठकीत कुणीच मांडणार नाही.

नेतृत्वाचं चांगलं उदाहरण हवं असेल तर २०१४ चं नायजेरिया बघा. जुलैत इबोलाबाधित प्रवासी विमानाने लागोसला उतरला. डॉ. अमेयो अदादेवो यांनी दडपण येऊनही त्याला रुग्णालयातून सोडलं नाही. पुढे त्याच संसर्गाने त्यांचा जीव गेला. पोलिओसाठी उभारलेलं आणीबाणी केंद्र तसंच्या तसं इबोलाकडे वळवलं गेलं, फैसल शुएब यांना इन्सिडंट मॅनेजर, म्हणजे त्या आणीबाणीची सगळी सूत्रं हाती असलेला प्रमुख, नेमलं गेलं, आणि संपर्कातल्या लोकांच्या घरी सुमारे १८,५०० भेटी झाल्या. एवढ्या मोठ्या शहरातून पसरूनही एकूण २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर साथ थांबली. पदाच्या दृष्टीने बघण्यासारखं असं की आणीबाणीत सूत्रं अनुभव असलेल्या इन्सिडंट मॅनेजरकडे गेली, हुद्द्याच्या उतरंडीप्रमाणे नाही. संचालकाला स्वतः बाजूला होता आलं पाहिजे. मी पाहिलेले बरेच हुशार लोक इथेच अडखळतात.

अंदाजपत्रक, भरती, खरेदी यांबद्दल फार लिहीत नाही; ते शिकता येतं आणि हाताखाली जाणती माणसं असतात.

तयारीबद्दल. अर्जात किती साथी हाताळल्या याची यादी देऊ नका, निवड समितीला सगळ्यांच्या याद्या सारख्याच दिसतात. त्याऐवजी दोन-तीन निर्णय निवडा. तेव्हा काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, तुम्ही काय सुचवलं, आणि नंतर काय निघालं. शोध लागायला सात दिवस, कळवायला एक, प्राथमिक प्रतिसाद उभा करायला सात, हे ‘७-१-७’चं मोजमाप आता बऱ्याच देशांत वापरतात, तुमच्या एखाद्या साथीला ते लावून कुठे वेळ गेला हे दाखवलंत तर समिती लक्ष देऊन वाचेल. पुढचे काही महिने आठवड्याला एक एकपानी आकलन लिहायचा सराव करा, बातम्यांतल्या कुठल्याही घटनेवर, टक्केवारी देऊन. महिन्याभराने ती पानं उघडून तपासा. टेबलटॉप सराव, म्हणजे काल्पनिक प्रसंगावर टेबलाभोवती बसून केलेली तालीम, होत असेल तर आयोजकांच्या बाजूने सामील व्हा, प्रसंग रचताना जास्त शिकायला मिळतं.

घरच्यांशीही बोला. रात्री-अपरात्रीचे फोन हा लहान भाग झाला. २०२० नंतर अनेक देशांत आरोग्य अधिकाऱ्यांना धमक्या आल्या, काहींनी त्यामुळे पद सोडलं. संस्था संरक्षण आणि कायदेशीर मदत देते का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

आणि मुलाखतीच्या शेवटी तुमची पाळी येईल तेव्हा तीन गोष्टी विचारा. आकलनावर शेवटची सही कुणाची असते? प्रसिद्ध होण्याआधी मसुदा कुणाकुणाकडे जातो आणि त्यांना तो बदलता येतो की फक्त शेरा लिहिता येतो? विभागातल्या कुणाचं मत वेगळं असेल तर ते नोंदवलं जातं का? दुसऱ्या प्रश्नावर समितीने एकमेकांकडे बघितलं, तर नेमणुकीचं पत्र स्वीकारण्याआधी तो मुद्दा लेखी मागा. रुजू झाल्यावर तो मागणं फार कठीण जातं.