लॅपटॉपवर कराओके आणि डीजे : सेटअप हलका करताना हमखास येणारे प्रश्न

सीडींच्या पेट्या, दोन-दोन प्लेअर, जड अँप्लिफायर हे सगळं गाडीत चढवून उतरवून कंटाळलेल्या लोकांचे मेसेज मला सतत येत असतात आणि गोंधळ जवळजवळ तोच असतो. कुणीतरी ग्रुपवर काहीतरी सांगितलेलं असतं, विकणाऱ्याने त्यात भर घातलेली असते, आणि पैसे देऊन झाल्यावर मग मला विचारलं जातं. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतेय, खरेदीच्या आधी वाचा.

प्रश्न : ताई, दोन्ही कामांसाठी लॅपटॉप केवढा भारी लागतो? मित्र म्हणतो गेमिंगचा घेतल्याशिवाय चालणारच नाही.

चालतं. १६ जीबी रॅम, एसएसडी, गेल्या चार-पाच वर्षांतला मधल्या दर्जाचा प्रोसेसर आणि थेट लॅपटॉपवरच असलेले दोन-तीन यूएसबी पोर्ट एवढं पुरतं. चालू गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करायचं फीचर वापरणार असाल किंवा व्हिडिओ मिक्स करणार असाल तरच जास्त ताकद लागते, आणि त्यासाठी मित्राला नाही, सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टला विचारा.

प्रश्न : मॅक घेऊ की विंडोज?

तुम्हाला हवं ते सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालतं आणि ऐनवेळी अडलं तर जे तुम्हाला स्वतःला हाताळता येतं ते.

प्रश्न : माझ्याकडे कराओकेच्या सीडीजी डिस्कचा (गाण्याबरोबर पडद्यावर शब्द दाखवणाऱ्या सीडींचा) मोठा साठा आहे. कॉम्प्युटरवर कॉपी केल्या तर फक्त गाणं येतं, शब्द येतच नाहीत. डिस्क खराब झाल्या का?

डिस्क ठीक आहेत, पद्धत चुकतेय. सीडीजीमध्ये शब्दांची माहिती गाण्याच्या ऑडिओत नसते, ती शेजारच्या सबकोडमध्ये (ऑडिओबरोबर डिस्कवर असलेल्या जोडमाहितीत), आर ते डब्ल्यू या चॅनलमध्ये लिहिलेली असते आणि साधा रिपिंग, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरवर कॉपी करणारा, प्रोग्रॅम तिकडे बघतच नाही. सबकोड वाचू शकणारा ड्राइव्ह पाहिजे (सगळे वाचत नाहीत, घेण्याआधी खात्री करा) आणि सीडीजी रिप करणारं सॉफ्टवेअर पाहिजे. मग प्रत्येक गाण्याच्या दोन फाइल तयार होतात, एक एमपीथ्री आणि एक सीडीजी, आणि दोघींचं नाव अक्षरशः सारखंच राहायला हवं, एकीचं नाव बदललं आणि दुसरीचं राहिलं की शब्द गायब.

जागेची काळजी करू नका. ३२० केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं ९.६ एमबी होतं आणि शब्दांची फाइल पावणेदोन एमबीच्या आसपास, म्हणजे १०,००० गाणी ११५ जीबीच्या आत बसतात. काळजी करायची ती वेळेची. डिस्कला ओरखडे पडतात, वरचा थर खराब होतो, आणि सबकोड वाचणारे ड्राइव्ह मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय, तरी लोक "सवडीने करू" म्हणत पेट्या माळ्यावर ठेवतात. आत्ता सुरू करा, रोज थोड्या थोड्या करा, आणि प्रत्येक डिस्कमधलं एक तरी गाणं शेवटपर्यंत वाजवून शब्द बरोबर येतायत का बघा.

विकत घेतलेल्या डिस्कची कॉपी व्यवसायात वापरता येते का याचं उत्तर प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगळं आहे, ते वकिलाला किंवा संगीत परवाने देणाऱ्या संस्थेला विचारा. कॉपी केल्यावर मूळ डिस्क विकू मात्र नका, त्या तुमच्याकडे असणं हाच तुमचा पुरावा आहे.

प्रश्न : लाखभर कराओके गाणी भरलेली तयार हार्ड डिस्क मिळतेय. घेऊ का? वेळ वाचेल.

नको. एवढी गाणी रीतसर परवाना घेऊन एका डिस्कवर भरून कुणी स्वस्तात विकत नाही. आकडा फुगवायला त्यात एकच गाणं पाच-पाच नावांनी असतं, शब्द पुढेमागे झालेले असतात, कधी व्हायरसही असतो, आणि पकडलं गेल्यावर विकणारा कुठेच नसतो, कार्यक्रम तुमच्या नावावर असतो. तुमचे गायक खरोखर मागतात ती काहीशे गाणी परवान्याने विकत घ्या. नेमकं काय चालतं याबद्दल शंका असेल तर वर म्हटलं तसं, परवाना देणाऱ्यांनाच विचारा.

प्रश्न : माइक लॅपटॉपला लावला की गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. लॅपटॉप स्लो आहे का?

लॅपटॉप स्लो नाही, रस्ता लांबचा आहे. कॉम्प्युटर आवाज तुकड्या-तुकड्यांनी हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात आणि तो सॅम्पलमध्ये (आवाजाच्या बारीक नमुन्यांत) मोजतात. १०२४ सॅम्पलचा बफर ४४.१ किलोहर्ट्झवर असेल तर एका दिशेलाच २३ मिलिसेकंद जातात, आत यायला आणि बाहेर जायला मिळून त्याच्या दुप्पट, वर ड्रायव्हरचा वेळ वेगळा. १०-१५ मिलिसेकंदांच्या वर गेलं की गाणाऱ्याला खटकायला लागतं. बफर २५६ केला तर एका दिशेला ५.८ वर येतं, पण मग लॅपटॉपवर ताण पडून आवाज तुटायची शक्यता वाढते. म्हणून माइक लॅपटॉपमध्ये नेऊच नका. छोटा मिक्सर ठेवा ज्यात इको-रिव्हर्ब (आवाज घुमवणारे इफेक्ट) आतच आहे, माइक थेट त्यात, लॅपटॉपचं म्युझिक दुसऱ्या चॅनलवर, दोन्ही तिथेच एकत्र होतात आणि गायकाला आवाज लगेच मिळतो. शिवाय लॅपटॉप अडकला तरी माइक चालू राहतो, लोकांशी बोलता येतं. वजन वाचवायला मिक्सर घरी ठेवणारे लोक नेमकी हीच सोय घालवून बसतात.

आणि ब्लूटूथचा माइक किंवा ब्लूटूथ स्पीकर लाइव्ह गाण्याला वापरू नका, तिथे उशीर १००-२०० मिलिसेकंदांत मोजावा लागतो. वायरलेस हवाच असेल तर कुठल्या फ्रिक्वेन्सीचा तुमच्याकडे कायद्याने चालतो हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : टीव्हीवर शब्द गाण्याच्या मागे पडतात.

टीव्ही गेम मोडवर टाका. तरीही फरक राहिला तर सॉफ्टवेअरमध्ये शब्द पुढेमागे सरकवायची सेटिंग आहे का ते सपोर्टला विचारा.

प्रश्न : गायकाची पट्टी बदलता येते का?

येते, दोन-तीन सेमीटोनपर्यंत (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक) चांगलं वाटतं, त्यापुढे वाद्यांचा आवाज कृत्रिम व्हायला लागतो.

प्रश्न : चार्जर लावला की स्पीकरमध्ये हमिंग येतं. एक जण म्हणाला प्लगची अर्थची पिन काढून टाक.

काढू नका, आणि असा सल्ला देणाऱ्याकडून पुन्हा इलेक्ट्रिकचा सल्ला घेऊ नका. ती पिन माणसाला वाचवायला आहे, गायकाच्या हातात धातूचा माइक असतो. हमिंग बहुतेक वेळा ग्राउंड लूपमुळे येतं, म्हणजे लॅपटॉप आणि स्पीकर दोन वेगळ्या रस्त्यांनी अर्थला जोडलेले असतात. सगळी सामग्री एकाच पॉइंटवरून घ्या, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर (आवाज जाऊ देऊन विजेची थेट जोडणी तोडणारी डबी) लावा, हेडफोन जॅकऐवजी बॅलन्स्ड आउटपुटवाला (वायरमध्ये शिरणारी खरखर रद्द करणारा) ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड, वापरा. तरी राहिलं किंवा माइकला हात लावताच झिणझिण्या आल्या तर कार्यक्रम थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्रश्न : गाणी साठवायचीच कशाला? स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं.

हॉलमधलं नेट पाहुण्यांच्या फोनबरोबर वाटून घ्यावं लागतं, आणि गर्दी जमली की नेमकं तेव्हाच ते बसतं. दुसरं, सेवा तुमच्या हातात नसते : स्पॉटिफाय जुलै २०२० मध्ये डीजे सॉफ्टवेअरमधून बंद झालं, २०२५ मध्ये काही सॉफ्टवेअरमध्ये परत आलं, मधली पाच वर्षं ज्यांची सगळी प्लेलिस्ट तिथेच होती त्यांनी काय केलं असेल विचार करा. शिवाय घरगुती वापराचं अकाउंट सार्वजनिक कार्यक्रमात चालतंच असं नाही, अटी वाचा किंवा वाचून घ्या. एखादी ऐनवेळची फर्माईश शोधायला स्ट्रीमिंग ठीक आहे, कार्यक्रम त्याच्यावर उभा करू नका.

प्रश्न : मी सगळं एका नव्या लॅपटॉपवर आणलंय, फाइल क्लाउडवर सिंक आहेत. एवढा बॅकअप पुरे ना? दुसरा लॅपटॉप न्यायचा तर मग हलकं काय झालं?

पुरे नाही, आणि या प्रश्नावर मी जरा सविस्तरच बोलणार आहे.

जुन्या सेटअपमध्ये एक प्लेअर बंद पडला तर दुसरा चालायचा, एका डिस्कवर ओरखडा आला तर तेवढीच गाणी जायची. आता गाणी, शब्द, गायकांची रांग, मिक्सिंग सगळं एकाच डब्यात आहे, आणि तो डबा बंद म्हणजे कार्यक्रम बंद. एसएसडी हार्ड डिस्कसारखी खडखड करून इशारा देत नाही, बऱ्याचदा एकदमच जाते. "एसएसडी कधी जात नाही" हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते खरं नाही. फिरणारी जुनी हार्ड डिस्क सबवूफरजवळ ठेवली तर हादऱ्यांनी वाचण्यात अडथळे येतात, ते वेगळंच.

क्लाउडचं सिंक म्हणजे बॅकअप नाही. इथे चुकून फोल्डर उडवला तर तिकडूनही उडतो, जुनं परत मिळवायची मुदत ठराविक असते, आणि शंभर जीबी ऐन कार्यक्रमात खाली उतरत नाही. त्याहून फसवं म्हणजे काही सिंक सेवा जागा वाचवायला फाइल फक्त ऑनलाइन ठेवतात, यादीत गाणं दिसतं पण डिस्कवर नसतं, आणि हे कळतं गायक माइक घेऊन उभा राहिल्यावर. फोल्डरवर "नेहमी या डिव्हाइसवर ठेवा" हे चालू आहे का आजच बघा.

माझं म्हणणं असं : तीन प्रती. एक लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल एसएसडीवर बॅगेत, एक घरी, जी कधीच गाडीत जात नाही. आणि प्रत नुसत्या गाण्यांची नको. प्लेलिस्ट, क्यू पॉइंट (गाणं कुठून सुरू करायचं त्या खुणा), कोणत्या गायकाची कोणती पट्टी ही माहिती सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असते, तो वेगळ्या ठिकाणी असतो, त्याचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या मेनूतून घ्यावा लागतो. विंडोजवर एक्स्टर्नल ड्राइव्हचं अक्षर बदललं, ई चं एफ झालं, तर गाणी तिथेच असूनही सॉफ्टवेअर सगळी सापडत नाहीत म्हणतं, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पक्कं करून ठेवा. ड्राइव्ह इजेक्ट केल्याशिवाय ओढू नका, एक्सफॅट फॉरमॅट (मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालणारा) असेल तर विशेष करून.

दुसरा लॅपटॉप भारी असायची गरज नाही, जुना चालेल, पण त्यावर तेच सॉफ्टवेअर, तीच लायब्ररी, आणि लायसन्स घरीच नेट असताना ॲक्टिव्हेट केलेलं पाहिजे, कारण किती मशीनवर चालवता येतं याला बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. तो कार्यक्रमात सुरू करून मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला लावून ठेवा, म्हणजे मुख्य लॅपटॉप अडकला की फक्त एक फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर करायचा. अँप्लिफायरची रॅक, प्लेअर, पेट्या गेल्यावर दीड-दोन किलोचा लॅपटॉप जड होतो म्हणणं मला पटत नाही. आणि महिन्यातून एकदा घरी चालू गाण्यात मुख्य लॅपटॉप मुद्दाम बंद करून बघा, जो बॅकअप कधी वापरून बघितलाच नाही त्याचा भरवसा धरता येत नाही.

डेटा गेलाच तर ती डिस्क वापरणं तिथल्या तिथे थांबवा, फुकटची रिकव्हरी सॉफ्टवेअर एकामागून एक चालवू नका. एसएसडीवरून डिलीट झालेलं ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा ती आपोआप पुसून टाकते) सहसा परत मिळत नाही, जी काही आशा असते ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच, तीही लवकर गेलात तर.

प्रश्न : ताई, लॅपटॉप आणि कंट्रोलर (डीजे सॉफ्टवेअर चालवायचा बटणांचा बोर्ड) कालच आलाय, शनिवारी लग्नाचा कार्यक्रम आहे. नव्या सेटअपवर करू ना?

नाही. शनिवारी जुनाच सेटअप न्या. नवा लॅपटॉप तोपर्यंत घरी सलग चार-पाच तास स्पीकरसकट चालवा, स्लीप, नोटिफिकेशन, यूएसबीची पॉवर सेव्हिंग बंद करा, अपडेट सगळे आधी करून घ्या आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात एकही करू नका. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना अपडेटनंतर जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम उघडेनासे झाले, तेव्हा मोठं अपडेट दिसलं तर आधी सॉफ्टवेअर कंपनी काय म्हणते ते बघा. मग एखादा घरगुती छोटा कार्यक्रम नव्यावर करा, जुना गाडीत ठेवून. आवाज तुटत असेल तर सेटिंग अंदाजाने बदलत बसू नका, लॅपटॉपचं मॉडेल, इंटरफेस आणि बफरचा आकडा लिहून जवळच्या साउंड टेक्निशियनला दाखवा.