कॅलिफोर्नियात बाळंतपणाच्या रजेचे एसडीआयचे (राज्याच्या अपंगत्व विम्याचे) पैसे पाच आठवडे झाले तरी आले नाहीत. थांबावं की पाठपुरावा करावा?

तुम्ही लिहिलंय की एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, रजा सुरू होऊन पाच आठवडे झाले, ईडीडीकडून (राज्याच्या रोजगार खात्याकडून) एक डॉलरही आलेला नाही, एचआर ‘थांबा, येतील’ म्हणतंय आणि फार विचारणा केली तर व्हिसाला बाधा येईल अशी भीती वाटतेय.

ताई, थांबू नका. मी इथे पेरोल आणि रजांचंच काम बघते आणि ‘थांबा’ या सल्ल्याने बायकांचं किती नुकसान होतं ते मला माहीत आहे. ईडीडी साधारण १४ दिवसांत निर्णय देतं हे खरं, पण ते १४ दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज पूर्ण झाल्यावर. पूर्ण म्हणजे डीई २५०१ या अर्जाचा तुमचा भाग आणि डॉक्टरांचा भाग, दोन्ही जमा. तुमचा भाग भरून सबमिट झाला की स्क्रीनवर सगळं झाल्यासारखं दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. डॉक्टरांचा भाग गेला नसेल तर फाइल कुणाच्याच टेबलावर नसते. आणि हे दोन्ही भाग अपंगत्व (बाळंतपणामुळे काम बंद होणं हे या विम्यात अपंगत्वच धरतात) सुरू झाल्याच्या तारखेपासून ४९ दिवसांच्या आत पोचायला हवेत. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस गेले. तुमच्या हातात दोनच आठवडे आहेत. उशिराचं सबळ कारण लेखी देता येतं, पण त्या वाटेला जायची वेळच येऊ देऊ नका.

नेमकं कुठे अडकतं ते कळावं म्हणून माझ्या ओळखीतल्या एकीचं प्रकरण सांगते. फ्रीमाँटला राहणारी, पहिलंच बाळंतपण. अर्ज वेळेत भरला. नवव्या दिवसाच्या आधी भरायचा नसतो, हेही तिला माहीत होतं. आरने सुरू होणारा पावती क्रमांक तिने डॉक्टरांना पोर्टलवर मेसेज करून कळवला. डॉक्टरांना वाटलं हॉस्पिटलचा फॉर्म विभाग बघेल. फॉर्म विभागाला तिच्या सहीचं माहिती देण्याचं संमतिपत्र हवं होतं, आणि ते मागायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या खात्यात नुसतं ‘पेंडिंग’. एचआर सांगतं, चेंडू ईडीडीच्या कोर्टात आहे. ईडीडीची लाइन लागली तेव्हा एका वाक्यात उलगडा झाला: मेडिकल भाग आलेलाच नाही.

संमतिपत्र दिलं, भाग गेला, तर पुढची अडचण उभी. तिने अपंगत्वाची सुरुवात सोमवार लिहिली होती, कारण शुक्रवार हा कामाचा शेवटचा दिवस. डॉक्टरांकडून तारीख पडली बुधवारची, म्हणजे तपासणीला गेली तो दिवस. ईडीडी कंपनीकडे माहितीसाठी जी डीई २५०३ नोटीस पाठवतं, तिच्यावर कंपनीने शेवटचा कामाचा दिवस तिसराच लिहिलेला, कारण शनिवारी तिने दोन तास ईमेलं बघितली होती आणि ती टाइमशीटवर होती. तीन कागद, तीन तारखा. अशी फाइल आपोआप पुढे सरकत नाही, कुणीतरी माणूस ती उघडेपर्यंत पडून राहते. शेवटी डॉक्टरांकडून तारीख दुरुस्त करून घेतली, कंपनीकडून खुलासा गेला, तेव्हा पैसे सुटले.

मग सिझेरियन झालं. नॉर्मल बाळंतपणानंतर ६ आठवडे, सिझेरियनला ८. पण डॉक्टरांनी आधी भरलेला अंदाज ६ चाच होता, म्हणून पैसे सहाव्या आठवड्याला थांबले. अशा वेळी डीई २५२५एक्सएक्स हे पुरवणी प्रमाणपत्र डॉक्टरांकडून जावं लागतं. शेवटच्या हप्त्याबरोबर ते तुमच्या ईडीडीच्या ऑनलाइन खात्याच्या इनबॉक्समध्ये येतं. तिने ते माहितीपत्रक समजून बंद केलं होतं.

तेव्हा तुम्ही आज काय कराल? आधी पे-स्टब (पगाराची पावती) बघा. त्यावर कॅसडीआय या सरकारी विम्याच्या कपातीऐवजी व्हीपीडीआय असं असेल तर तुमच्या कंपनीची स्वतःची व्हॉलंटरी प्लॅन आहे आणि अर्ज ईडीडीकडे करायचाच नव्हता. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा सगळा वेळ वाया जातो. मग हॉस्पिटलच्या फॉर्म विभागाला फोन करा, डॉक्टरांना नाही. आर क्रमांक सांगा, कुठल्या तारखेला जमा केलं ते विचारा आणि त्यांनी लिहिलेली सुरुवातीची तारीख वाचून घ्या. एचआरला ‘पैसे कधी येतील’ विचारू नका, ते त्यांच्या हातात नाही. विचारा की डीई २५०३ आली का, कधी परत केली आणि शेवटचा दिवस कोणता लिहिला. ती परत करायला कंपनीला कामकाजाचे २ दिवस असतात. कंपनी या काळात काही पगार देत असेल तर तो आकडा तुम्ही लिहिलेल्या आकड्याशी जुळतोय ना, तेही बघा.

त्यानंतर ईडीडी. लाइन सकाळी ८ ला उघडते, तेव्हाच लावा. ‘माझा क्लेम कुठे आहे’ असं मोघम विचारलंत तर ‘प्रक्रियेत आहे’ असंच उत्तर येईल. विचारा: मेडिकल भाग मिळाल्याची तारीख काय, फाइलवर कुठला प्रश्न उघडा आहे, ओळख पडताळणी बाकी आहे का.

ओळख पडताळणीवर थोडं थांबते, कारण आपल्याकडच्या नावांचा घोळ इथे नडतो. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये, सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं, हॉस्पिटलच्या विम्यात तिसरंच. माणसाला ही सगळी एकच बाई दिसते, पण संगणकाला दिसत नाही. क्लेमवर सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव जसंच्या तसं असू द्या आणि पडताळणीचं पत्र आलं तर त्यावरच्या तारखेच्या आत लग्नाच्या दाखल्यासकट उत्तर द्या.

ईडीडीकडून डीई ४२९डी हे पत्र आलं असेल तर ते हातात घ्या. त्यावर आठवड्याची रक्कम छापलेली असते म्हणून लोक त्याला मंजुरी समजतात. ती मंजुरी नाही, नुसता हिशोब आहे. खालचे चार तिमाहींचे पगार तपासा. रजा जानेवारी ते मार्चमध्ये सुरू झाली तर आधीच्या ३० सप्टेंबरला संपलेलं वर्ष धरतात. एप्रिल ते जूनला ३१ डिसेंबर, जुलै ते सप्टेंबरला ३१ मार्च, ऑक्टोबर ते डिसेंबरला ३० जून. तुम्ही टेक्सासहून नुकत्या आला असाल तर तिकडचा पगार यात धरत नाहीत. पण कॅलिफोर्नियातल्या नोकरीची एखादी तिमाही शून्य दिसत असेल तर डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) आणि पे-स्टब लगेच पाठवा.

एवढं करूनही हललं नाही तर तुमच्या मतदारसंघातल्या राज्याच्या असेंब्ली सदस्याच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयात जा. वॉशिंग्टनच्या काँग्रेसमनकडे नाही. ईडीडी राज्याचं खातं आहे. नागरिक असायची गरज नाही, त्या भागात राहत असलात की पुरे. ते एका संमतिपत्रावर सही घेतात आणि ईडीडीला थेट विचारतात. हे करायला लाजू नका. नकार आला तर पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत डीई १०००ए भरून अपील करता येतं.

आता व्हिसा. ही भीती घालणारे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात भेटतात: ‘व्हिसावर असताना सरकारी मदत घेऊ नये, एवढा पगार असताना कशाला हात पसरायचे.’ माझं त्यांच्याशी वर्षानुवर्षांचं भांडण आहे. ही मदत नाही, विमा आहे आणि हप्ता तुमचा आहे. २०२५ मध्ये दर १.२ टक्के होता आणि २०२४ पासून पगाराला वरची मर्यादाही उरलेली नाही. वर्षाला १,५०,००० डॉलर पगार असेल तर १,८०० डॉलर तुमच्या खिशातून कापले गेले. क्लेम २०२५ मध्ये सुरू झाला असेल तर आठवड्याला जास्तीत जास्त १,६८१ डॉलर मिळतात. मोठ्या पगाराला ७० टक्के, कमी पगाराला ९० पर्यंत. इमिग्रेशन स्टेटसचा या पात्रतेशी संबंध नाही आणि कमावलेला लाभ असल्यामुळे तो पब्लिक चार्जमध्येही (सरकारवर भार ठरण्याच्या कसोटीतही) धरत नाहीत. स्वतःहून घेतलेल्या बाळंतपणाच्या बिनपगारी रजेने एच-१बी मोडत नाही, नियमात ती नावानिशी दिलेली आहे. मात्र कंपनीचं रजेचं पत्र आणि ईडीडीची पत्रं जपून ठेवा. त्या वर्षीच्या डब्ल्यू-२ वर पगार कमी दिसेल, आणि मुंबईत व्हिसा स्टँपिंगच्या वेळी विचारलं तर दाखवायला कागद हवा.

काही गोष्टी राहिल्या. पहिले ७ दिवस प्रतीक्षाकाळ असतो, त्याचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा पहिला हप्ता कमी आला तर घाबरू नका. डेबिट कार्ड निवडलं असेल तर घरातल्यांना सांगून ठेवा, जाहिरातीचं पाकीट समजून ते फेकलं जातं. त्यापेक्षा डायरेक्ट डिपॉझिट बरं. एसडीआय संपल्यावर बाळासाठीचे पीएफएलचे (राज्याच्या पगारी कौटुंबिक रजेचे) ८ आठवडे मिळतात, त्यासाठी इनबॉक्समध्ये येणारा डीई २५०१एफपी हाच फॉर्म भरा. घाईने वेगळा नवा क्लेम टाकलात तर दोन क्लेम एकमेकांत अडकतात. पीएफएलला प्रतीक्षाकाळ नाही आणि आईला पुन्हा डॉक्टरांचं काही लागत नाही. बाळाच्या वडिलांना स्वतःचे ८ आठवडे वेगळे मिळतात, पण त्यांना नात्याचा पुरावा जोडावा लागतो. काउंटीचा जन्मदाखला यायला वेळ लागतो, म्हणून तो आधीच मागवा. पीएफएलवर फेडरल कर लागतो, राज्याचा नाही.

आणि ईडीडीचे पैसे मंजूर झाले म्हणजे नोकरी सुरक्षित झाली असं नाही. नोकरीचं संरक्षण पीडीएल (गरोदरपणातल्या अपंगत्वाची रजा) आणि सीएफआरए (कुटुंबासाठीची रजा) या वेगळ्या कायद्यांतून येतं, दोन्ही ५ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना लागू आहेत, पण सीएफआरएसाठी १२ महिने आणि १,२५० तास नोकरी झालेली लागते. ती रजा एचआरकडून लेखी मंजूर करून घ्या. तुमच्या एचआरचं खरं काम ते आहे.