एटीएमचा पिन घरात कुणाकुणाला माहिती असावा?

प्रश्न (सातारा जिल्ह्यातल्या एक ताई): माझ्या आईची पेन्शन बँकेत जमा होते. मशीनवर जायला तिला भीती वाटते म्हणून ती कार्ड शेजारच्या मुलाकडे देते, पिन पण त्याला सांगून ठेवलाय आणि विसरायला नको म्हणून कार्डाच्या पाकिटावर पेनने लिहिलाय. मुलगा चांगला आहे, आजवर एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही. पण मी नोकरीला पुण्यात, जीवाला घोर लागून राहतो. काय करू?

उत्तर: ताई, मुलगा चांगलाच असणार, त्याच्यावर संशय घेऊच नका. पण पाकीट त्याच्या खिशातून कुठं पडलं तर कार्ड आणि पिन दोन्ही एकदमच दुसऱ्याच्या हातात, मग पिन असून नसल्यासारखाच की. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही गडबड झाली तर बँक पहिला प्रश्न हाच विचारते की पिन अजून कुणाला माहिती होता. बंगळुरूची एक केस आहे, 2013 मधली. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईंनी नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन 25,000 काढायला पाठवलं, मशीनमधून पैसे आलेच नाहीत आणि खात्यातून मात्र कटले. बँक म्हणाली पिन शेअर केलात, विषय संपला. 2018 ला ग्राहक मंचाचा निकालही बँकेच्याच बाजूने लागला, की नवऱ्याला पाठवायचं होतं तर सेल्फ चेक किंवा अधिकारपत्र द्यायचं. सख्ख्या नवऱ्याच्या बाबतीत ही गत, तर शेजारच्या मुलाचं काय घेऊन बसलात. मला स्वतःला हा निकाल फार कडक वाटतो, घराघरात लोक असंच करतात, पण नियम आज असा आहे तर आईंचे पैसे त्या नियमात बसवूनच सांभाळायला लागतील.

रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक पण हेच सांगतं. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी फ्रॉड केला आणि तुम्ही 3 कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत तर तुमच्यावर शून्य जबाबदारी. पण पिन तुम्हीच कुणाला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

आता करायचं काय ते सांगतो. सगळ्यात आधी पिन बदला. जन्मसाल नको, 1234 नको, घर नंबर नको, गाडीचा नंबर तर नकोच. मग पेन्शनच्या खात्यात चालतं का हे शाखेत विचारून, चालत असेल तर तुमचं नाव आईंच्या खात्यात जॉइंट म्हणून टाकून घ्या, दोघींपैकी कुणीही व्यवहार करू शकेल असं, म्हणजे तुम्हाला तुमचं वेगळं कार्ड आणि वेगळा पिन मिळतो, एकीचा पिन दुसरीला माहिती असायची गरजच राहत नाही. पैसे काढल्याचे मेसेज आईंच्या मोबाईलवर येतात का तेही बघा. बँकेच्या ॲपमधून कार्डची रोजची लिमिट कमी करता येते, ऑनलाइन आणि परदेशातला वापर बंद ठेवता येतो, ही सोय 2020 पासून सगळ्या बँकांना द्यावीच लागते. आणि आई सत्तरीच्या पुढे असतील तर घरपोच पैशांची सोय आहे का हे शाखेत विचारा, रिझर्व्ह बँकेने बँकांना तसं सांगितलेलं आहे.

पण माझं मनापासून सांगणं वेगळंच आहे. पुढच्या सुट्टीत आलात की आईंना स्वतः मशीनवर घेऊन जा, सकाळी गर्दी नसताना, शक्यतो शाखेला लागून असलेल्या एटीएममध्ये. तुम्ही मागे उभ्या राहा, बटणं त्यांनाच दाबू द्या, डाव्या हाताने कीपॅड झाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आणि एक गोष्ट घोकून घ्या त्यांच्याकडून. मशीन अडकलं की कुणीतरी "काकू मी बघू का" म्हणत पुढे येतो, कार्ड हातात घेतो, पुन्हा घालतो, काकू त्याच्यासमोरच पिन टाकतात, आणि परत देताना त्याच बँकेचं तसंच दिसणारं दुसरं कार्ड हातात ठेवतो. घरी गेल्यावर मेसेज यायला लागतात तेव्हा कळतं. म्हणून कार्ड कुणाच्याही हातात द्यायचं नाही, अडलं तर कॅन्सल दाबून सरळ शाखेत जायचं.

प्रश्न (नाशिकचे एक वाचक): चोराने धमकावलं तर पिन उलटा टाकायचा, पैसे येतात आणि पोलिसांनाही कळतं, असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलाय. आणि कार्ड टाकण्याआधी दोनदा कॅन्सल दाबलं की पिन चोरीला जात नाही म्हणे. खरं का?

उत्तर: दोन्ही खोटं. पिन 2442 असेल तर उलटा काय टाकणार तुम्ही? उलटा पिन म्हणजे मशीनच्या दृष्टीने चुकीचा पिन, आणि सहसा तीनदा चुकला की कार्ड ब्लॉक. तसं धमकावलं तर पैसे देऊन टाका, जीव महत्त्वाचा. आणि कीपॅडवर कॅमेरा लावलेला असेल तर कॅन्सल दाबून काय होणार, हाताने झाकलं तरच वाचाल. तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, एखादा म्हातारा माणूस ऐन वेळी त्याच्यावर विसंबेल.

प्रश्न (कोल्हापूरचे एक दुकानदार): कार्ड नुसतं टेकवलं तरी पैसे कटतात, पिन विचारतच नाही. मग हरवलं तर?

उत्तर: 5,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय चालतं, 1 जानेवारी 2021 पासून, आधी मर्यादा 2,000 होती. नको असेल तर ॲपमधून बंद करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. त्याच्या वर मात्र पिन लागणारच, आणि तुम्ही दुकानदार आहात म्हणून सांगतो, गिऱ्हाइकाला पिन तोंडाने विचारू नका, मशीन त्याच्या हातात द्या आणि स्वतः दुसरीकडे बघा. पेट्रोल पंपावर लोक गाडीत बसल्या बसल्या ओरडून पिन सांगतात, मागच्या चार गाड्यांना ऐकू जाईल असा. कार्ड हरवलं तर आधी बँकेच्या हेल्पलाइनवर ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावा आणि दोन्हीकडचा तक्रार नंबर लिहून घ्या, पुढे सगळीकडे तोच मागतात.