अनामत म्हणजे ‘बिननावाची’ नव्हे

प्रश्न असा आहे: ट्रस्ट कंपनीकडे सांभाळायला दिलेल्या पैशाला नियमांच्या मराठी मसुद्यात ‘ठेव’ म्हणावं की ‘अनामत’? आणि अनामत म्हणजे ‘जिच्यावर नाव नाही ती’ ना?

नाही हो! ही ‘अ + नाम’ फोड सतत कानावर पडते आणि दर वेळी डोकं फिरतं. शब्द अरबी आहे, अमानत. मराठी जिभेनं ‘म’ आणि ‘न’ यांची जागा बदलली, जशी ‘मतलब’चं ‘मतबल’ आणि ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ करताना बदलली. याला वर्णविपर्यय म्हणतात. ती दोघं बिचारी गावंढळ ठरली. अनामत मात्र थेट सरकारी कागदांत जाऊन बसली. मूळ धातू अ-म-न, निर्धास्त असणे. अमीन आणि ईमान त्याचेच. अनामत गिळणाऱ्याला आपण बेइमान म्हणतो तेव्हा नकळत व्युत्पत्तीच सांगत असतो. माझा तर्क तर असा की हा विपर्यय रुळला तो वहीखात्यामुळे. अनामत कुणाच्या तरी नावे मांडायची, म्हणून कानाला ‘नाम’ ओळखीचं वाटलं. म्हणजे बिननावाची सोडाच, उलटंच! कोशकारांना पटो न पटो.

आता ‘ठेव’. बँकेत ठेव ठेवली की पैसा बँकेचा होतो, आपल्याकडे फक्त येणं उरतं. बँक बुडाली की आपण धनकोंच्या रांगेत. ट्रस्टचा पैसा कंपनीच्या मिळकतीत धरत नाहीत. म्हणूनच तो स्वतःच्या पैशात मिसळायचा नाही, हिशेब वेगळा ठेवायचा. अमेरिकेत तर राष्ट्रीय बँकेनं (म्हणजे केंद्र सरकारची सनद असलेल्या बँकेनं) गुंतवणुकीअभावी पडून असलेला ट्रस्टचा पैसा स्वतःच्याच खात्यांत ठेवला, तर ठेवविम्याबाहेरच्या रकमेपोटी तारण बाजूला काढावं लागतं.

याज्ञवल्क्यानं हे केव्हाच सांगून ठेवलंय: सांभाळायला दिलेली वस्तू मनाला येईल तशी वापरली तर दंड, शिवाय वाढीसकट परतफेड. राजानं, दैवानं किंवा चोरानं नेली तर भरपाई नाही. स्मृतींत अशा वस्तूला निक्षेप, न्यास, उपनिधी असे शब्द आहेत. उपनिधी म्हणजे आत काय आहे ते न सांगता बंद करून दिलेली. आणि हिंदीच्या परिभाषाकारांनी यातला ‘निक्षेप’ उचलून साध्या बँकठेवीला चिकटवला, ‘निक्षेप बीमा’! इतका नेमका शब्द असा वाया घालवायला धाडस लागतं.

हां, तुमचा मसुदा. मूळ पैशाला ‘न्यासनिधी’ लिहा. कंपनीनं तो बँकेत ठेवला की ‘न्यासनिधीची ठेव’. ‘अनामत’ माझी लाडकी असली तरी टाळा. निवडणुका आणि निविदांमुळे ती आता फक्त जप्त होण्यासाठीच भरतात असं लोकांना वाटतं.