६० दिवसांचं टेन्शन आणि साडेसातची अंघोळ

तुझा मेसेज वाचला. नवऱ्याचा जॉब गेलाय, एच-वन-बीचे (अमेरिकेतला नोकरीवरचा व्हिसा) ६० दिवस मोजणं चालू आहे, तेवढ्यात दुसरा जॉब नाही मिळाला तर देश सोडायची वेळ, घरात सकाळ-संध्याकाळ वकील, रिझ्युमे, इंटरव्ह्यू एवढाच विषय, आणि त्यात पाच वर्षांचा लेक, ज्याचं डायपर सुटून दोन वर्षं झाली, तो परत गादी ओली करायला लागलाय आणि स्कूलबस यायच्या वेळेला पोट दुखतं म्हणतो.

आधी त्याला रागावणं बंद. "एवढा घोडा झालास" तर अजिबातच नको. या वयात टेन्शन आलंय असं कोणी तोंडाने सांगत नाही, पोटच दुखतं. तरी पीडियाट्रिशियनला दाखव, कारण युरिन इन्फेक्शन किंवा बद्धकोष्ठता असली तरी असं होतं. आणि लवकर दाखव, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते एचआरच्या पत्रात बघून घे आधी.

आता रुटीन. लगेच फ्रिजवर रंगीत टाइमटेबल चिकटवू नकोस बाई, ते चार दिवस टिकतं आणि मग त्याचंच आणखी एक टेन्शन. फक्त संध्याकाळ धर. जेवण, अंघोळ, गोष्ट, झोप. वेळ थोडी मागेपुढे झाली तर होऊ दे पण क्रम मोडू नका, त्याला घड्याळ कुठे कळतंय, अंघोळीनंतर गोष्ट येते एवढं कळतं आणि तेवढ्यावरच तो निवांत होतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, म्हणजे सातला उठवायचं तर साडेआठला दिवा बंद.

आणि नेमका तेव्हाच तुमचा पुण्याला व्हिडिओ कॉल! उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे पहाटेचे सहा, आजोबा चहा घेऊन बसलेले आणि पहिला प्रश्न, "काय झालं रे जॉबचं?" पोरगं तिथेच. मराठीत हळू बोललं की त्याला कळत नाही असं आपल्याला वाटतं, पण कान फार तिखट असतात त्यांचे. कॉल शनिवार-रविवारी सकाळी नऊला घ्या. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, आजी देवापाशी दिवा लावत असेल, शुभंकरोती तिच्याबरोबर म्हणू दे. जॉबचं नंतर, वेगळा फोन करून.

त्याला "काही नाही झालं" सांगू नकोस, तुझा चेहरा दिसतोय त्याला. बाबाचं ऑफिसचं काम बंद झालं, तो दुसरं शोधतोय, तुझ्यामुळे नाही झालं, आणि गोष्ट रोज होणार, बस. इथेच राहू असं प्रॉमिस मात्र नको, ते आपल्या हातात नाही.

अंघोळ आणि गोष्ट बाबाकडे दे. इंटरव्ह्यू कसाही जाऊ दे, साडेसातला टबमध्ये पाणी त्यानेच सोडायचं, त्यालाही त्याची गरज आहे असं मला वाटतं. तो फारच खचलाय, नको ते बोलतोय असं दिसलं तर ९८८ ला (अमेरिकेतली आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीची हेल्पलाइन) कॉल किंवा टेक्स्ट करा, लाजू नका. शाळेतल्या काउन्सेलरलाही दोन ओळी लिही, बसच्या वेळेचं पोट दुखणं त्यांना नवीन नसतं.

आणि हो, गादीवर वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर चादर, परत कव्हर, परत चादर. रात्री तीनला वरचा थर ओढून काढायचा, पोराला कोरडे कपडे घालायचे आणि लाइट न लावता परत झोपायचं.