जपानी नर्तकी कोणत्या प्रसंगी कोणता किमोनो नेसतात?

तुमचा प्रश्न असा की क्योटोच्या नर्तकी फोटोंत कधी काळ्या किमोनोत दिसतात, कधी रंगीबेरंगी. मग जास्त मानाचा कोणता? मी क्योटोत राहते आणि निहोन बुयो, म्हणजे तिथलं पारंपरिक नृत्य शिकते. त्या आधारावर सांगते.

मानाचा काळाच. आपल्याकडे संक्रांत सोडली तर शुभकार्यात काळा रंग टाळतात, म्हणून हे आपल्याला चटकन पटत नाही. पण फोटो जरा मोठा करून पाहा. पाठीवर मधोमध एक, दोन्ही बाह्यांच्या मागे एकेक आणि छातीवर दोन अशी पाच छोटी पांढरी चिन्हं दिसतील. त्यांना मोन म्हणतात. चिन्हं पाच असली की पोशाख सर्वांत औपचारिक. नक्षी असते ती फक्त खालच्या घेराकडे, वरचा भाग कोरा काळा. ही खालची नक्षी महत्त्वाची आहे, कारण पाच चिन्हांचा पण बिननक्षीचा पूर्ण काळा किमोनो, त्यावर काळाच ओबी (कमरेचा रुंद पट्टा), हा जपानमध्ये सुतकातला पोशाख आहे.

हा काळा किमोनो रोज बाहेर निघत नाही. गिओन कोबु या वस्तीत ७ जानेवारीला नव्या वर्षाचा आरंभ-समारंभ होतो, तेव्हा गेइको (क्योटोत गेइशांना असं म्हणतात) आणि शिकाऊ माइको तो नेसतात आणि केसांत भाताची लोंबी खोवतात. १ ऑगस्टला हास्साकु असतो. त्या दिवशी नृत्यगुरूंकडे आणि चहागृहांत जाऊन आदर व्यक्त करायचा, आणि त्यासाठीही परंपरेने काळाच. फक्त कापड ‘रो’ नावाचं जाळीदार, उन्हाळी रेशीम. माइको म्हणून मुलगी पहिल्यांदा लोकांसमोर येते तो मिसेदाशीचा विधीही काळ्यातच होतो. अशा वेळी मानेकडे नक्की बघा. एरवी पांढऱ्या रंगलेपात मागच्या बाजूला कातडीच्या दोन पट्ट्या मोकळ्या सोडतात, या पोशाखात तीन.

चहागृहात पाहुण्यांसमोर होणाऱ्या रोजच्या बैठकीला माइको रंगीत किमोनो नेसते. लांब बाह्या, जमिनीवर लोळणारा घेर, पाठीवर लोंबणारा दारारी ओबी. परदेशी पाहुण्यांना हाच सर्वांत भारी वाटतो. तो देखणा आहेच, पण मानाच्या पायरीवर काळ्याच्या खाली. सकाळी तीच मुलगी तालमीला जाते तेव्हा साधा, आखूड घेराचा किमोनो असतो; उन्हाळ्यात सुती युकाताही चालतो.

ऋतूचा नियम या सगळ्याला लागू आहे. ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये रोसारखा पातळ. प्रसंग कितीही मोठा असला तरी हा नियम पाळायचा असतो.

रंगमंचावरचे कपडे मात्र या मोजपट्टीत बसवू नका. गिओनचा ‘मियाको ओदोरी’ हा १८७२ पासूनचा वसंतातला नृत्यमहोत्सव. त्यात सामूहिक नाचातल्या सगळ्या जणी एकसारख्या निळ्या किमोनोत येतात. ती त्या प्रयोगाची वेशभूषा आहे, त्यावरून कुणाचा मान ठरत नाही. काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारातून आलेल्या नाचांचंही तसंच. ‘मुसुमे दोजोजी’मध्ये टाके ओढून वरचा किमोनो क्षणात उतरवतात आणि खालून दुसराच रंग निघतो. तो पात्राचा पोशाख, नर्तकीचा नव्हे.

आता मला सर्वांत जवळचा प्रकार सांगते, तो म्हणजे सुओदोरी. यात पात्राची वेशभूषा नाही, विग नाही, रंगमंचाचा रंगलेपही नाही. पुरुष चिन्हांचा किमोनो आणि हाकामा (चुण्यांचा सैल, पायघोळ पोशाख) घालतात, स्त्रिया बहुतेकदा चिन्हं असलेला एकरंगी किंवा काळा किमोनो. म्हणजे समारंभाचा पोशाख थेट रंगमंचावर येतो आणि त्याच साध्या कपड्यांत म्हातारा, तरुणी, पाऊस, बर्फ सगळं फक्त अंगातून आणि पंख्यातून दाखवायचं. माझ्या मते नर्तकीची खरी परीक्षा इथेच होते.

तेव्हा पुढचा फोटो दिसला की रंगाकडे नंतर बघा. आधी पाठीवर चिन्ह आहे का, नक्षी कमरेच्या वर चढते का, आणि मानेवर पट्ट्या दोन की तीन, एवढं तपासा. या तिन्ही गोष्टी फोटोत नीट दिसत असतील तर प्रसंग बहुधा न विचारता कळेल.